‘द दा विंची कोड’ : पाच महिने आईला सांगताना

दसऱ्याला सुरू केलेली ‘द दा विंची कोड’ होळीच्या आदल्या रात्री संपली. डॅन ब्राऊनच्या 2003च्या या कादंबरीचा मी कॉलेजात असताना दोन रात्रींत फडशा पाडला होता. आता आईला डोळ्यांमुळे वाचवत नाही, म्हणून जेवणं झाली की मी इंग्रजी पान वाचायचे आणि तिला मराठीत सांगायचे. प्रकरणं 105, पण बहुतेक छोटी.

सांगताना लक्षात आलं, मी बरंच गाळतेय. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात रात्री फोन वाजतो, कादंबरीचा नायक प्रोफेसर लँग्डन जागा होतो, आणि लगेच सोळाव्या लुईच्या धाटणीचं फर्निचर, भिंतींवरची चित्रं, महोगनीचा अवाढव्य पलंग. आई म्हणाली, “फोन कोणाचा ते सांग ना!” पुढे लूव्र म्युझियममध्ये खून झालाय आणि आपण त्याच्या प्रवेशद्वारावरच्या पिरॅमिडच्या काचा मोजतोय. त्याही 666 सांगितल्यात, प्रत्यक्षात आहेत 673. वर्णन नकोच असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीला म्युझियमचा क्युरेटर भिंतीवरचं चित्र ओढून काढतो, धाडकन लोखंडी दार खाली येतं आणि तो आत अडकतो. तो प्रसंग मी एक शब्द न गाळता सांगितला. आई हातातली वात तशीच धरून ऐकत होती.

पात्रांचं दुखणं त्याहून मोठं. लँग्डनचं काय कळतं? ट्वीडचा कोट, मिकी माऊसचं घड्याळ, बंद जागेची भीती. या ओळखीच्या खुणा झाल्या, स्वभाव कुठे आहे? सोफी त्या खून झालेल्या क्युरेटरची नात, पोलिसांतली सांकेतिक लिपीची तज्ज्ञ, पण लँग्डन आणि त्याचा इतिहासकार मित्र टीबिंग व्याख्यान देतात, ती “म्हणजे?” विचारते. क्षणभर हळवी होते, की आलं पुढचं कोडं. आईने दोनदा विचारलं, “अगं, तिचे आजोबा गेलेत ना? रडायलाही वेळ नाही का हिला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जन्मापासून पांढराफटक, अल्बिनो असलेला सायलस तेवढा वेगळा. बापाचा छळ, तुरुंग, मग एका पाद्र्याने दिलेला आसरा आणि त्या माणसावरची आंधळी निष्ठा. खुनी तोच, तरी धुक्यात गुडघे टेकून त्याची प्रार्थना चालते तिथे माझा आवाज अडला.

उत्कंठा मात्र अस्सल आहे. “अजून एक प्रकरण” हे आईचं रोजचं मागणं होतं, त्यासाठी पुस्तक जरूर वाचा.

परवा मेथी निवडताना तिने विचारलं, “त्या पांढऱ्या पोराला देवाने क्षमा केली असेल का गं?” लँग्डनला ती अजून ‘तो प्रोफेसर’च म्हणते.