हाल्डेन की कोसंबी : जनुकांमधलं अंतर कोणत्या सूत्राने काढावं?

खाडीकाठच्या खारट जमिनीत तग धरणारा भात हा ठाणे-नवी मुंबईत जनुकांच्या मॅपिंगच्या (गुणसूत्रावर त्यांच्या जागा ठरवण्याच्या) प्रोजेक्टसाठी सहज सुचणारा विषय. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, आणि पोक्कली या खार सोसणाऱ्या भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरचा 'सॉल्टॉल' हा त्या गुणाशी जोडलेला पट्टा भातावर काम करणाऱ्यांना नवा नाही. ९४ झाडं आणि दोन पालक मिळून ९६ घरांची प्लेट भरते, मार्करचे (डीएनएवरच्या ओळखखुणांचे) निकाल येतात, लिंकेज गट (एकत्र वारशाने जाणाऱ्या मार्करचे गट) पडतात. आणि मग नकाशा काढणारा प्रोग्रॅम विचारतो, अंतराचं सूत्र कोणतं, हाल्डेन की कोसंबी? बरेच जण आधीपासून टिकलेला पर्याय तसाच ठेवून पुढे जातात. निदान दोन मिनिटं इथे थांबावं असं मला वाटतं.

क्रमाचा प्रश्न आधी बाजूला काढू. तीन जनुकांच्या टेस्टक्रॉसमध्ये (संकराचा पूर्ण अप्रभावी पालकाशी संकर) सगळ्यांत कमी संख्येचे दोन वर्ग म्हणजे दुहेरी क्रॉसओव्हर, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोन ठिकाणी झालेली अदलाबदल. पालकांच्या जोडणीशी तुलना करता त्यांच्यात जे जनुक बदललेलं दिसतं, ते मधलं. दोन्ही सूत्रांत पुनर्संयोजनाचं (पालकांपेक्षा वेगळी जोडणी असलेल्या संततीचं) प्रमाण वाढलं की अंतर वाढतंच, त्यामुळे सूत्र बदलून हा क्रम बदलत नाही. फक्त क्रम हवा असेल तर कोणतंही सूत्र चालेल.

फरक अंतरात पडतो. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचं सूत्र १९१९ चं. एका ठिकाणी झालेल्या क्रॉसओव्हरचा शेजारच्यावर काहीच परिणाम होत नाही, हे त्यात गृहीत आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींचं १९४४ चं. मराठी वाचकाला ते इतिहासकार म्हणून अधिक माहीत, पण हे सूत्र गणिती कोसंबींचं आहे. जवळजवळच्या दोन क्रॉसओव्हरमध्ये इंटरफिअरन्स (एका क्रॉसओव्हरमुळे शेजारच्याला होणारा अडथळा) जवळपास पूर्ण असतो आणि अंतर वाढेल तसा तो ओसरतो, असं त्यांनी धरलं. पुनर्संयोजन ५ टक्के असेल तर हाल्डेन ५.३ आणि कोसंबी ५.० सेंटिमॉर्गन (नकाशावरच्या अंतराचं एकक) देतात. भांडण्यासारखं काही नाही. २० टक्क्यांना २५.५ आणि २१.२. ३० ला ४५.८ आणि ३४.७. ४० टक्क्यांना तर ८०.५ आणि ५४.९!

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला, ती मात्र वेगळी आहे. समजा १००० संततीत क आणि ख यांच्यामधलं पुनर्संयोजन १५ टक्के, ख आणि ग यांच्यामधलं २० टक्के, आणि दुहेरी क्रॉसओव्हर १५. अपेक्षित दुहेरी १००० × ०.१५ × ०.२० म्हणजे ३०, म्हणून कोइन्सिडन्स (प्रत्यक्ष भागिले अपेक्षित) ०.५ आणि इंटरफिअरन्सही (१ वजा कोइन्सिडन्स) ०.५. क ते ग थेट मोजलं तर पुनर्संयोजन ३२ टक्के. आता हाल्डेन लावा. तुकडे १७.८ आणि २५.५, बेरीज ४३.३, थेट अंतर मात्र ५१.१. कोसंबीत तुकडे १५.५ आणि २१.२, बेरीज ३६.७, थेट ३७.९. म्हणजे मधला एक मार्कर गाळला की हाल्डेनचा नकाशा पावणेआठ सेंटिमॉर्गनने लांबतो, परत घातला की आखडतो. मार्कर खराब निघणं, जेलवर पट्टी न दिसणं, एखादा काढून टाकणं हे रोजचं असतं. दर वेळी गुणसूत्राची लांबी हलू लागली की नकाशावर विश्वास कसा ठेवायचा? भातात इंटरफिअरन्स असतो, त्यामुळे हे डोलणं कोसंबीत बरंच कमी होतं. पूर्ण थांबत नाही, हेही खरं.

हाल्डेनची बाजू कमजोर आहे असं नाही. ॲस्परजिलस निड्युलन्स ही बुरशी किंवा फिशन यीस्ट यांच्यात इंटरफिअरन्स जवळपास नसतोच. तिथे हाल्डेनच योग्य. शिवाय आर-क्यूटीएल या मॅपिंगच्या प्रोग्रॅममध्ये नकाशा बांधताना हाल्डेन हा ठरलेला पर्याय आहे, आणि त्यातलं बहुबिंदू (अनेक मार्कर एकत्र घेणारं) गणित तुम्ही कोसंबी निवडलात तरी इंटरफिअरन्स नाही असं धरूनच चालतं. बदलतो तो फक्त प्रमाणाचं अंतर करण्याचा शेवटचा टप्पा. आणि ९४ झाडांच्या बॅकक्रॉसमध्ये (संकराचा एका पालकाशी पुन्हा संकर) १० टक्के पुनर्संयोजनाची प्रमाणत्रुटी ३ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे १० ± ३. दोन सूत्रांतला एक सेंटिमॉर्गनचा फरक त्यात बुडून जातो. मार्कर दाट असतील तर निवड जवळजवळ निरर्थक; विरळ असतील, वीस-तीस सेंटिमॉर्गनच्या फटी असतील, तर मात्र मी कोसंबी घेईन.

एक्सेलमध्ये हाताने काढणार असाल तर नैसर्गिक लॉगॅरिदम वापरा, दहाच्या पायाचा नको. पडताळा सोपा आहे: ०.२० ला हाल्डेन २५.५ यायला हवं, ११.१ आलं तर लॉग चुकला. प्रमाण ०.५ किंवा त्याहून जास्त असेल तर दोन्ही सूत्रं एरर देतात. ती जोडी सहलग्न (एकाच लिंकेज गटात जोडलेली) नाही असं समजून सोडून द्यावी.

नकाशा अवास्तव लांब आला तर दोष लगेच सूत्राला देऊ नका. मधल्याच एका मार्करचं निदान चुकलं की दोन्ही बाजूंना खोटे क्रॉसओव्हर दिसतात. दर मार्करला १ टक्का चूक म्हणजे नकाशात साधारण २ सेंटिमॉर्गनची भर. पुसट दुसरी पट्टी न दिसल्यामुळे हेट्रोझायगोटला (दोन वेगळ्या प्रती असलेल्या झाडाला) होमोझायगोट (दोन्ही प्रती सारख्या) वाचणं हे नेहमीचं कारण. काही सेंटिमॉर्गनच्या आत दुहेरी क्रॉसओव्हर दाखवणारी झाडं शोधा आणि त्यांचं जेल पुन्हा बघा.

स्वपरागणाने केलेल्या आरआयएल ओळी (संकरानंतर अनेक पिढ्या स्वपरागण करून स्थिर केलेल्या) असतील तर आणखी एक पायरी आहे, आणि सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. ओळींत दिसणारं प्रमाण अनेक पिढ्यांचं साठलेलं असतं. आधी त्याला (२ वजा त्याची दुप्पट) या संख्येने भागा: ०.३० भागिले १.४, म्हणजे ०.२१४. मग कोसंबी लावा, २२.९ येईल. ही पायरी गाळली तर ३४.७ येतं.

छापील नकाशाशी ताडून बघताना तो कोणत्या सूत्राने काढला आहे हे आधी वाचा. हाल्डेनचा असेल तर त्यातले २५.५ उलट फिरवून ०.२० करा, त्यावर कोसंबी लावून २१.२ घ्या, आणि मगच तो आकडा तुमच्या आकड्याशेजारी ठेवा.