वॅट आणि ओहम काढायला मल्टिमीटर घ्यावा की क्लॅम्प मीटर?

घरातल्या उपकरणाचं व्होल्टेज आणि करंट मोजायचा, त्यावरून त्याचा रोध आणि वॅट काढायचे, आणि त्यासाठी मीटर एकच घ्यायचा. असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. गणित दोन्ही मीटरला तेच आहे: व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, गुणलं की वॅट. व्होल्टेज मोजण्यातही दोघांत फारसं डावं-उजवं नाही. खरा फरक पडतो तो करंट मोजताना.

आधी मल्टिमीटर, कारण त्याची बाजू लंगडी नाही. कमी पैशांत येतो, मिलिअँपिअरपर्यंतचा बारीक करंट दाखवतो, डीसीवर चोख चालतो. रोधही थेट मोजून देतो, भागाकाराची गरजच नाही. मात्र हा रोध थंड अवस्थेतला असतो. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या. 230 व्होल्टला पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे 880 ओहम भरतो. तोच काढून मल्टिमीटरवर धरला तर आकडा साठ-सत्तरच्या आसपास येतो. टंगस्टन तापलं की रोध असा वाढतो. गिझरच्या कॉइलमधलं नायक्रोम एवढं बदलत नाही, तिथे थंड मोजमापही चालून जातं. पण उपकरण चालू असताना ते नेमकं काय खातंय हे हवं असेल, तर करंट मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि माझं गाडं इथेच अडलं. मल्टिमीटरने करंट मोजायचा तर तो सिरीजमध्ये जोडावा लागतो. म्हणजे मेन बंद करा, फेजची वायर सोडा, मध्ये मीटर घाला, पुन्हा मेन चालू करा, आकडा बघा, परत मेन बंद करून सगळं पूर्ववत करा. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात हलवायचा आणि काम झालं की आठवणीने परत आणायचा. तो तिथेच राहिला आणि तसंच कोणी सॉकेटमध्ये व्होल्टेज बघायला गेलं, तर सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’ आणि ‘जास्तीत जास्त 10 सेकंद’ असं छापलेलं असतं, ते दुकानातच वाचून घ्या. शिवाय अगदी स्वस्त मॉडेलमध्ये एसी करंटची सोयच नसते, फक्त डीसी. गिझर, इस्त्री, मिक्सर मोजायचं म्हणून घेतलेला मीटर नेमका त्याच कामाला निरुपयोगी.

क्लॅम्प मीटरला, आपले जुने वायरमन ज्याला टाँग टेस्टर म्हणतात त्याला, वायर सोडावी लागत नाही. जबडा उघडा, वायरभोवती बसवा, आकडा वाचा. अट एकच, जबड्यात एकच वायर हवी. अख्खी केबल धरली तर फेज आणि न्यूट्रलचे करंट एकमेकांना काटतात आणि मीटर शून्य दाखवतो. यावर मी 2.5 चौरस मिलिमीटरच्या तीन-कोर केबलचा एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड केला. वीतभर लांबीत वरचं आवरण काढलंय, आतल्या वायरींचं इन्सुलेशन शाबूत आहे, आणि फेजची वायर थोडी बाहेर ओढून ठेवलीय. उपकरण त्यात लावायचं, जबडा त्या वायरवर.

याचा फायदा एका उदाहरणात सांगतो. संध्याकाळी गिझर नीट तापत नव्हता. पाटीवर 2000 वॅट, 230 व्होल्ट, म्हणजे 8.7 अँपिअर आणि साधारण 26.5 ओहम यायला हवेत. मोजलं तर 205 व्होल्ट आणि 7.7 अँपिअर. भागाकार 26.6, म्हणजे कॉइल ठणठणीत. गुणाकार मात्र जेमतेम 1580 वॅट. रोध तोच राहिला की शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. व्होल्टेज दहा-अकरा टक्के उतरलं आणि उष्णता एक पंचमांशाहून जास्त गेली. दोष लाइनचा होता, नवी कॉइल घालून काही उपयोग नव्हता. नुसता थंड रोध बघून कॉइल बरी आहे एवढंच कळलं असतं.

क्लॅम्प मीटरच्या उणिवाही आहेत. लहान करंटला तो डळमळतो. 9 वॅटच्या एलईडी बल्बचा आकडा भरवशाचा येत नाही. तिथे फेजच्या वायरीचे दहा वेढे जबड्यातून काढून उत्तराला दहाने भागायचं, काम भागतं. फ्रिज, पंप, एलईडी यांच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हे. तिथे पॉवर फॅक्टर (खरे वॅट आणि व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार यांचं गुणोत्तर) आडवा येतो आणि खरे वॅट त्याहून कमी असतात. ही मर्यादा साध्या मल्टिमीटरलाही आहेच.

सर्किट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला माझं मत पटणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. त्याने मल्टिमीटरच घ्यावा. पण गिझर, इस्त्री, शेगडी, मोटर असा घरचा लोड बघायचा असेल, तर माझ्या मते थोडे जास्त पैसे टाकून क्लॅम्प मीटर घेणं बरं. बहुतेकांत व्होल्टेज, ओहम आणि कंटिन्युइटीही असते. फक्त सोलर किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचा करंट मोजायचा असेल तर जबड्याने डीसीही मोजला जातो का, हे विचारून घ्या. साध्या क्लॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला डीसी कळत नाही. हॉल सेन्सरवाला लागतो आणि तो महाग पडतो.