जयपूर फूट: सुधा चंद्रन यांचा पाय, खानापूरच्या चिखलात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसाला जयपूर फूट बसवायचे ठरले, की घरातले कोणी ना कोणी सुधा चंद्रन यांचे नाव काढतेच. एखाद्या कृत्रिम अवयवाची ओळख अभिनेत्रीच्या नावाने व्हावी, यात त्या वस्तूचा मोठा फायदा आहे आणि वापरणाऱ्याचा थोडा तोटाही आहे, कारण त्या नावापाठोपाठ नृत्य येते आणि माणूस मनातल्या मनात आपली तुलना नर्तकीशी करू लागतो. खानापूर तालुक्यातल्या माझ्या मामांचा पाय मधुमेहामुळे कापावा लागला, तेव्हा त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण ‘ती बाई तर नाचते’ असे सांगून जाई. मामांना शेताच्या बांधावरून चालता आले तरी पुरे होते.

सुधा चंद्रन मुंबईच्या, लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेल्या. १९८१ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या वाटेवर त्यांच्या बसला अपघात झाला. उजव्या पायाच्या जखमेत गँगरीन पसरले आणि तो गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच वर्षी जयपूर फूट घडवणाऱ्यांपैकी एक, जयपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता, आणि त्याविषयी वाचूनच त्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या व त्यांनी जयपूर फूट बसवून घेतले. सरावाच्या काळात त्यांनी रक्त आणि वेदना सोसल्या, आणि १९८४ मध्ये त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढे त्यांच्याच आयुष्यावरच्या ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःची भूमिका केली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळवला, आणि १९८६ मध्ये ‘नाचे मयूरी’ या हिंदी रूपामुळे त्या आपल्याकडेही घरोघर ठाऊक झाल्या.

वस्तूची पारख करायची, तर मला मात्र त्यांच्या नृत्यापेक्षा त्यांची दूरचित्रवाणीवरची कारकीर्द अधिक विश्वासार्ह पुरावा वाटते. नृत्याचा कार्यक्रम काही तासांचा असतो, त्याची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि पायही त्या हालचाली ध्यानात घेऊन जमवता येतो. दैनंदिन मालिकेतल्या कलाकाराला दिवसचे दिवस दिव्यांच्या उष्णतेत उभे राहावे लागते, जिने चढावे लागतात, एकाच प्रसंगासाठी तीच चाल पुन्हा पुन्हा चालावी लागते. स्टार प्लसवर २००१ ते २००४ या काळात चाललेल्या ‘कहीं किसी रोज’ मधली त्यांची रमोला सिकंद आठवून पाहा. भरजरी साड्या, कपाळावरच्या तऱ्हेतऱ्हेच्या टिकल्या आणि धाक बसवणारी नजर एवढेच प्रेक्षकांच्या लक्षात राहिले. (आमच्या घरातल्या बायका रात्री मालिका पाहून सकाळी तशाच टिकलीच्या शोधात खडेबाजार पालथा घालत.) पायाकडे कोणाचे लक्षच गेले नाही. पुढे २०१५ मध्ये कलर्स वाहिनीवर सुरू झालेल्या ‘नागिन’ मध्ये त्या यामिनी म्हणून आल्या, तेव्हा नव्या पिढीतल्या कित्येक प्रेक्षकांना या बाईंना एक पाय नाही हे माहीतही नव्हते. अपंगत्व असलेल्या कलाकाराला सहसा दयेच्या किंवा जिद्दीच्या भूमिका मिळतात. यांना खलनायिका मिळाली आणि ती त्यांनी मनसोक्त रंगवली, हे मला पुरस्काराहून मोठे वाटते.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात घडवलेले हे पाऊल रबर, लाकूड आणि स्पंज यांचे असते, आणि ते साच्यात तापवून एकसंध केले जाते. वरची नळी बहुधा पाण्याच्या पाइपला लागणाऱ्या एचडीपीई प्लास्टिकची असते. परदेशी पद्धतीची त्या काळची पावले बुटात घालण्यासाठी केलेली आणि घोट्यात ताठ होती. याचा घोटा सर्व बाजूंनी लवतो, म्हणून उकिडवे बसता येते, पंगतीला मांडी घालता येते आणि देवळात अनवाणी जाता येते. खानापूरकडच्या पावसात या गुणांची खरी किंमत कळते. भाताच्या खाचरातून फिरून आल्यावर मामा बादलीभर पाणी ओतून पाय धुतात, आणि त्याला काहीही होत नाही.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीत घाम साचतो, उन्हाळ्यात कातडी सोलवटते, आणि मधुमेहाच्या रुग्णाला अशी जखम उशिरा जाणवत असल्यामुळे रोज रात्री आरसा धरून पाय तपासावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरलेला पाय बारीक होत जातो, खोबणी सैल पडते आणि एकावर एक मोजे चढवूनही भागेनासे झाले की नवी खोबणी करून घ्यावी लागते. इथेच आमची गैरसोय झाली. ज्या शिबिरात पाय मोफत मिळाला, तिथले अर्ज केवळ कन्नडमध्ये होते. मराठी शाळेत शिकलेल्या मामांना ते भरण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागले. शिबिर उठल्यावर दुरुस्तीसाठी कोणाकडे जायचे, हेही कोणी सांगितले नव्हते. अखेर बेळगावातल्या एका खासगी कारागिराने आमच्या पदरचे पैसे घेऊन का होईना, पण काम चोख केले.

प्रवासाची अडचण सुधा चंद्रन यांनाही चुकलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून एक चित्रफीत प्रसिद्ध केली. विमानतळावर प्रत्येक वेळी सुरक्षा तपासणीसाठी कृत्रिम पाय काढायला लावतात, ही त्यांची तक्रार होती. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यावर दिलगिरी व्यक्त केली. इतक्या वर्षांच्या प्रसिद्धीनंतरही त्यांना हे सांगावे लागले, तर बेळगावच्या सांबरा विमानतळावरून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या सामान्य माणसाने थोडे आधी पोहोचावे आणि अपंगत्वाचे ओळखपत्र हाताशी ठेवावे, हे बरे.

गुडघ्याखाली पाय कापलेल्या, शेतीत किंवा घरकामात राबणाऱ्या माणसासाठी मी जयपूर फूट निःशंकपणे सुचवीन. गुडघ्याच्या वर पाय गेला असेल, तर कृत्रिम सांधाही लागतो आणि सवय व्हायला बराच अधिक वेळ जातो. अशा रुग्णांनी माझा अभिप्राय जसाच्या तसा धरू नये. नाव नोंदवण्याआधी खोबणी बदलून कोठे मिळेल, आणि त्या वेळी पैसे पडतील का, एवढे आयोजकांकडून लेखी घ्यावे.