सोनं रोळायचा संच, सात महिने वापरून: चुंबकावरचा अर्धा राग मागे घेतेय

एप्रिलमध्ये या संचाला मी दोन तारे दिले होते. आज ते बदलतेय. तेव्हा चुंबकाला नावं ठेवत जे लिहिलं त्यातलं निम्मं चूक होतं आणि ते वाचून कुणी घ्यायचं थांबलं असेल तर मला वाईट वाटेल. पण पाच तारे देणार नाही, आणि त्याचं कारण पुन्हा चुंबकच.

वाळू पाण्यात हलवून त्यातलं सोनं वेगळं करायचा हा संच. त्यात हिरवी परात, चाळणी, दांडीचा चुंबक, सोन्याच्या कणांची पुडी आणि पुस्तिका येते. आम्ही रत्नागिरीचे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. मे महिन्याची सुट्टी मोबाईलमध्ये जाऊ नये म्हणून साडेचौदाशे रुपये घातले. आमच्या घरात ही रक्कम विचार करून खर्च होते, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

पहिल्याच रविवारी मांडवीला गेलो. तिथली वाळू काळी, लोक त्याला काळा समुद्रच म्हणतात. परातीत घेऊन पाण्यात हलवली की हलकी वाळू निघून जाते आणि तळाला काळा थर राहतो. तो थर चुंबकाने काढायचा, असं पुस्तिकेत लिहिलंय. चुंबक फिरवला. थोडे कण चिकटले, बाकी सगळं काळं जिथल्या तिथे. वीस मिनिटं फिरवत होते. मुलं कंटाळून शंख वेचायला गेली. घरी येऊन मी तक्रार केली की चुंबकात जोर नाही. विक्रेत्याकडून उत्तर आलं की तुमच्या वाळूत लोखंड कमी असेल. माझं डोकंच फिरलं. डोळ्यांसमोर काळीकुट्ट वाळू आणि हे म्हणतात लोखंड कमी! सहा फोन, चार ईमेल, तीन आठवडे. शेवटी दुसरा चुंबक आला. त्यानेही तेच केलं.

मग मुलीच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी कोडं सोडवलं. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्यात लोखंड आणि टायटॅनियम दोन्ही असतात, पण साध्या चुंबकाला ते जवळजवळ दाद देत नाही. जे पटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं दुसरं खनिज. दोन्ही काळी, दोन्ही जड, नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसत नाहीत. साध्या पांढऱ्या वाळूची घनता २.६५च्या आसपास, इल्मेनाइटची ४.७, मॅग्नेटाइटची ५.२. म्हणून ही दोघं परातीत खालीच बसतात. सोन्याची १९.३, ते त्यांच्याही खाली. म्हणजे चुंबक बरोबर होता आणि मी चुकले होते. त्या माणसाशी मी ज्या आवाजात बोलले त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. इथे सोनं मिळतं का? त्यासाठी घेऊ नका. रत्नागिरीच्या मागचा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, त्यावर जांभा. सोनं बहुतेक जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमधून येतं. कर्नाटकात कोलारला तसे खडक आहेत, तिथली खाण २००१ मध्ये बंद झाली. हट्टीची चालू आहे. आम्हाला मांडवीला, भाट्याला, काजळी नदीच्या काठी एक कणही मिळालेला नाही. आणि वाळू घरी आणू नका. ती गौण खनिजात येते, उपशाला महसूल खात्याची परवानगी लागते. आम्ही किनाऱ्यावरच टबात रोळतो आणि उठताना तिथेच ओतून येतो.

मग मजा कशात? हात बसण्यात. पहिले काही दिवस आम्ही परात गरागरा फिरवत होतो. सासूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर तांदूळ रोळणं झालं. खडे खाली बसू देत की आधी!" त्यांनी परात पाण्याखाली धरली, आडवी झटझट हलवली, मग जराशी तिरकी करून वरचं पाणी हळूच सोडलं. परातीच्या एका बाजूला खाचा आहेत, ओतायचं त्या बाजूने, हेही त्यांनीच बघितलं. आम्ही आठवडाभर गुळगुळीत बाजूने ओतत होतो.

सरावासाठी एक युक्ती सांगते. मासे पकडायच्या पागाला शिसं असतं, त्याचा एक गोळा पक्कडीने तोडून दहा बारीक तुकडे केले आणि चपटे ठोकले. ते वाळूत मिसळायचे, रोळायचे आणि मोजायचे. शिशाची घनता ११.३, त्यामुळे शिसं राखता आलं तर तेवढ्याच आकाराचं सोनंही राहील. (शिसं विषारी आहे. तुकडे मोठ्यांनीच करावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांच्या हाती सुटे देऊ नयेत.) पहिल्या दिवशी मला दहातले चार मिळाले, मुलीला सहा, सासूबाईंना नऊ. ऑगस्टपर्यंत मुलगी दहावर आली. त्या दिवशी ती किनाऱ्यावर नाचली.

संचातली सोन्याची पुडी आम्ही त्यानंतर उघडली. आठ कण. नवी परात आधी भांड्याच्या पावडरने घासा, तिला कारखान्यातलं तेल असतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर बारीक सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं. आणि खाली टब ठेवाच! आम्हाला पहिल्या फेरीत तीनच मिळाले. टबातला गाळ पुन्हा पुन्हा रोळून सात झाले. आठवा सापडेना. तो निघाला चुंबकावरच्या काळ्या गोळ्यात अडकलेला. म्हणून चुंबकाला चिकटलेली वाळू फेकू नका, ती परत पाण्यात सोडून रोळा. पुस्तिकेत ही ओळ हवी होती.

आता उरलेला अर्धा राग. चुंबकाची दांडी ओढली की वाळू आपोआप गळते, ती स्प्रिंगवर चालते. स्प्रिंग साधी पोलादी. पावसाळ्यात गोड्या पाण्याने धुऊन, पुसून कपाटात ठेवला होता. सप्टेंबरमध्ये काढला तर स्प्रिंग गंजून दांडी अडकलेली. विक्रेत्याचं उत्तर आलं, "खाऱ्या पाण्यात वापरू नये." हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. रत्नागिरीच्या पत्त्यावर पाठवताना तरी सांगायचं! न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या एका स्प्रिंगसाठी अख्खं साधन फुकट गेलं, हे मला अजून सहन होत नाही.

सध्या जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरते. पिशवी उलटी केली की वाळू सुटते. खर्च शून्य, गंजायला काही नाही.

हिरवी परात आणि चाळणी उत्तम, त्यांच्यासाठी साडेतीन तारे. ही दोन सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्या.