नाशिकच्या काळ्या मातीत कोणता मेटल डिटेक्टर: व्हीएलएफ की पल्स इंडक्शन?

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. तेव्हापासून इथली नांगरट बघून अनेकांचे हात शिवशिवतात. पण बेसाल्टची ही माती लोहखनिजाने भरलेली; मशीनची खरी परीक्षा तिथेच.

व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेवर चालणारं मशीन, लोखंड वेगळं ओळखतं. त्यामुळे खिळे, तारांचे तुकडे, नांगराच्या फाळाची मोडतोड यांसाठी उगाच खणावं लागत नाही. दुखणं एकच: ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज गप्प करणारी सेटिंग) चुकला की मातीच बोंबलते. धातू नसलेल्या जागी कॉइल (मशीनची खालची चकती) जमिनीपासून ५ ते ३० सेंटीमीटर वरखाली करा आणि आवाज एकसारखा होईपर्यंत बॅलन्स फिरवा. तरी कुरकुर थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलता) उतरवा. खोली थोडी जाते, पण शिवराईसारखं तांब्याचं नाणं १०-१५ सेंटीमीटरवर असेल तर सहसा पकडलं जातं.

पल्स इंडक्शनला, म्हणजे थांबून थांबून विजेचे झटके सोडणाऱ्या मशीनला, मातीचा त्रास कमी, खोलवरचा हंडा त्याला आधी कळेल. मात्र लोखंड आणि चांदी यांत त्याला फारसा फरक करता येत नाही. द्राक्षबागेत तर नावच नको: तारा आणि लोखंडी अँगल सतत वाजतात. तिथे व्हीएलएफच, तेही छोट्या कॉइलने, ओळीच्या मधोमध.

सुट्या नाण्यांसाठी आमचं मत व्हीएलएफला.

मशीन कोणतंही असो, शेतमालकाची परवानगी आधी. संरक्षित स्मारकांकडे फिरकू नका. १८७८च्या कायद्यानुसार १० रुपयांवरच्या गुप्तधनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. आणि नाणं चिंचेने घासू नका, पृष्ठभाग कायमचा जातो.