बेयकोझचं काच संग्रहालय: युरोपी झुंबरं सोडा, गुलाबदाण्या बघा

सोलापूरहून इस्तंबूलला निघालेल्या मंडळींच्या यादीत राजवाडे, मशिदी आणि बाजार असतातच. आशियाई किनाऱ्यावरच्या बेयकोझसाठीही अर्धा दिवस राखून ठेवा. अब्राहम पाशाच्या वनराईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या तबेल्याची दुरुस्ती करून २०२१ मध्ये हे संग्रहालय उघडलं. बारा दालनं, सुमारे १,५०० वस्तू.

राजवाड्यांसाठी युरोपातून मागवलेलं बिलोरी सामान डोळे दिपवतं, पण ते भराभर उरका. वेळ द्या तो चेश्मी-बुलबुलला, म्हणजे पीळदार रंगीत रेघांच्या काचकामाला. उस्मानी सुलतान तिसऱ्या सेलीमच्या काळात मेहमेद देदे हा मेवलेवी सूफी पंथाचा दरवेश व्हेनिसला जाऊन काचकाम शिकून आला आणि बेयकोझला ही कला रुजली, असं मानतात.

पांढऱ्या-निळ्या काचेच्या बारीक कांड्या साच्याच्या आतल्या खाचांत उभ्या लावतात. फुंकनळीवरचा बिनरंगी काचेचा तापलेला गोळा त्यात फुगवला की कांड्या त्याला चिकटतात. मग पुन्हा तापवून टोक चिमट्यात धरायचं, नळी फिरवत पीळ द्यायचा आणि फुगवून आकार आणायचा. एक बाजू जरा गार पडली तरी पीळ तिथे कमी बसतो. ताणा सैल-घट्ट झाला की चादरीचं जे होतं तेच. रंगीत आणि बिनरंगी काच निवताना सारखी आकसली नाही, तर भांडं तडकतं. एकदम गार झालं तरी तडकतं, म्हणून तयार माल भट्टीतच हळूहळू निववावा लागतो.

हे सगळं गुलाबदाणीवर वाचता येतं. पोटावर रेघांत अंतर असतं, निमुळत्या मानेत त्या एकमेकींना खेटतात. खाली वाकून बुडाकडे बघा: रेघा मधोमध एकत्र येतात का? तिथे भांडं धरायची सळई तोडल्याचा व्रण असेल, तर हातकाम ओळखावं. आम्हाला तरी सगळ्या दालनांत हीच कपाटं सरस वाटली.

मार्माराय रेल्वेने उस्कुदार, तिथून १५ क्रमांकाची बस. सोमवारी बंद असतं. निघण्याआधी वेळा तपासा. शनिवार-रविवारी संध्याकाळी किनाऱ्याचा रस्ता तुंबतो, त्यामुळे सकाळीच जा.

बाजारात असा नग घ्यायचा झाला तर आधी नख फिरवा. रेघ वर उठलेली लागली, तर ती रंगवलेली असू शकते. खऱ्या नगात ती काचेच्या अंगात असते, तिरपं धरलं की खोली दिसते. घरी त्यात कढत पाणी ओतू नका.