आमच्या गावचं नवीन फुटबॉल मैदान: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा बघून झाल्यावर

मैदान सुरू झालं तेव्हा गावातल्या प्रत्येक ग्रुपवर त्याचेच फोटो फिरत होते. हिरवागार टर्फ (म्हणजे कृत्रिम गवत), पांढऱ्याशुभ्र रेषा, चार कोपऱ्यांत चार खांब. फोटो बघून मत देणारे भरपूर होते, म्हणून मी तेव्हा थांबलो. आता सप्टेंबरचा पाऊस, डिसेंबरची थंडी आणि मे महिन्याचं ऊन, तिन्ही गॅलरीत बसून अनुभवलंय, तेव्हा सविस्तर लिहितो. लिहितोय ते बघणारा म्हणून. खेळणाऱ्यांनी त्यांचं जरूर लिहावं.

आपल्या मराठवाड्यात फुटबॉल खेळणारी पोरं पूर्वीपासून आहेत. बघायला मात्र जागा नव्हती. आमच्या जुन्या मैदानावर एका अंगाला क्रिकेटचे तीन-तीन डाव, दुसऱ्या अंगाला पोलीस भरतीची पोरं पळतायत, आणि मधे जे उरेल तिथे फुटबॉल. बघणारे टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर, उभे. गर्दी वाढली की टचलाइन आत सरकायची, थ्रो-इन कुठून घ्यायचा यावरून वाद. म्हातारी माणसं दहा-पंधरा मिनिटं उभी राहून निघून जायची. बायका तर थांबायच्याच नाहीत, कारण थांबायचं कुठे? त्यामुळे गावात खेळाडू तयार झाले, प्रेक्षक तयार झालाच नाही. या मैदानाने प्रेक्षक तयार केला. पुढे मी काही उणिवा सांगणार आहे, पण ही गोष्ट धरून ठेवा.

पहिला सामना १७ सप्टेंबरला झाला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनानंतर. आत शिरल्यावर हिरव्या रंगाकडे लक्ष जातंच, पण मला जास्त जाणवलं ते अंतर. पहिली पायरी आणि टचलाइन यांत जेमतेम चार-पाच पावलं. विंगरचा, म्हणजे कडेने खेळणाऱ्याचा, श्वास ऐकू येतो. डिफेंडर एकमेकांना काय ओरडतात ते शब्दन् शब्द कळतं. इथे पळायचा ट्रॅक केला नाही म्हणून हे जमलं. आपल्याकडे क्रीडासंकुल म्हटलं की ४०० मीटरचा ट्रॅक आलाच. आठ लेनचा ट्रॅक म्हणजे नुसत्या लेनच जवळपास १० मीटर रुंद, आणि गोलपोस्टच्या मागे तर वळणामुळे त्याच्या कितीतरी पट जास्त अंतर पडतं. पुण्याच्या बालेवाडीला आणि कोलकात्याच्या सॉल्ट लेकला ट्रॅक आहे. लंडनमध्ये वेस्ट हॅमचा संघ २०१६ साली ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये राहायला गेला, तेव्हापासून त्यांच्या चाहत्यांची हीच तक्रार आहे की आपण मैदानापासून फार लांब बसतो. एवढ्या मोठ्या लोकांना जे मिळालं नाही ते आमच्या तालुक्याच्या गावाला मिळालं. ट्रॅक नको म्हणून बैठकीत जे कुणी अडून बसले असतील त्यांचे मनापासून आभार.

महाराष्ट्रात फुटबॉल कसा बघतात हे बघायचं असेल तर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावं. तिथे पेठांचे, तालमींचे संघ खेळतात आणि अख्खं शहर वाटून बसतं. मी तिथे सामना बघितलाय. तसा जोर आमच्यात यायला वेळ लागेल, पण सुरुवात झालीय. उत्तरेकडच्या गोलमागे दोन पोरं हलगी घेऊन बसायला लागली, मग एक संबळवाला आला. आता आपला संघ कॉर्नर घ्यायला गेला की हलगी सुरू होते आणि चेंडू उडाला की थांबते. हे कुणी शिकवलेलं नाही.

त्या पहिल्या सामन्याला माझ्या शेजारी एक आजोबा होते, पंच्याऐंशीच्या घरातले. बसताना म्हणाले, "उलीसं सरक की बाबा." मग पूर्ण सामना त्यांनी हैदराबादच्या गोष्टी सांगितल्या. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळात हैदराबाद सिटी पोलीसचा संघ म्हणजे देशातला पहिल्या नंबरचा संघ. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्यांनी रोव्हर्स कप, म्हणजे मुंबईतली तेव्हाची मोठी फुटबॉल स्पर्धा, जिंकली. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्त्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. आजोबांच्या वडिलांचा त्या पोलीस संघावर भारी जीव. मराठवाड्याला फुटबॉलचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगतो. जुन्या मैदानावर हे आजोबा दहा मिनिटंही उभे राहू शकले नसते. त्यांच्याकडून हे ऐकायला मिळालं ते पायरीमुळे.

आता चुकलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी चूक उन्हाची आहे. मैदान उत्तर-दक्षिण आहे, ते बरोबर, म्हणजे संध्याकाळी कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य जात नाही. पण मुख्य गॅलरी बांधली पूर्वेला. तिथे बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला. साडेचार-पाचचा सामना असला की अख्खा पहिला हाफ हात कपाळावर धरून बघायचा. जगभर मुख्य गॅलरी पश्चिमेला ठेवतात ती याचसाठी, सूर्य पाठीमागे राहतो. नकाशा काढणाऱ्याने हे बघायला हवं होतं, कारण आता गॅलरी उचलून पलीकडे नेता येत नाही. वर छतही नाही. छतासाठी सळया सोडून ठेवल्यात, त्या गंजायला लागल्या आहेत. पश्चिमेला पाच-सहा पायऱ्यांची छोटी गॅलरी आहे, आम्ही बरेच जण आता तिथेच बसतो.

पावसाचं मात्र कौतुक करावं लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. शेतं वाहून गेली, गोदावरी पात्राबाहेर आली. त्या दिवसांत सामन्यांचा विषयही कुणी काढला नाही आणि ते योग्यच होतं. ऑक्टोबरात परत गेलो तेव्हा वाटलं होतं टर्फ उखडला असेल. नव्हता. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट टर्फ अंथरला तर वर्षभरात लाटा येतात. इथे काळी माती खोल काढून मुरूम आणि खडीचे थर दाबून घेतलेत, ते काम चालू असताना आम्ही रोज बघायचो. पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात पाणी निघून जातं, डबकं राहत नाही. फक्त आग्नेय कोपऱ्यात, कॉर्नरच्या झेंड्याजवळ, जमीन बसलीय. तिथे चेंडू मंदावतो. स्थानिक विंगर आता ते गृहीत धरून खेळतात, पाहुणे फसतात. पुढच्या पावसाआधी तेवढा तुकडा उचलून भर घालायला हवी.

पार्किंगला मात्र कुणी मुरूमसुद्धा टाकलेला नाही. तिथे अस्सल काळी माती आहे. पावसाळ्यात मोटारसायकल रस्त्यावरच लावा.

कृत्रिम टर्फ कशाला, खरं गवत का नाही, असं बाहेरून येणारे फुटबॉलवाले हमखास विचारतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात कृत्रिम टर्फवर झाला तेव्हा खेळाडूंनी उघड विरोध केला होता. यंदाचा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, तिथे ज्या स्टेडियममध्ये कृत्रिम टर्फ होता तिथेही फिफाने खरं गवत घालायला लावलंय. पण आपल्याकडचा हिशोब करून बघा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर उन्हाळ्यात दिवसाला फक्त ५ मिलिमीटर पाणी दिलं तरी ३५ हजार लिटरच्या वर जातं. म्हणजे रोजचे तीन-चार टँकर. एप्रिलमध्ये ज्या वस्तीवर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागते, तिच्या शेजारी गवतावर रोज चार टँकर ओतायचे? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ५० वाघिणींच्या एका फेरीत २५ लाख लिटर यायचं. तेवढ्या पाण्यात असं एक मैदान सत्तरच दिवस हिरवं राहतं. मला खरं गवत आवडतं, पण आमच्या गावाने हा निर्णय बरोबर घेतला असं माझं ठाम मत आहे.

त्याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. हवा ४२ अंशांवर गेली की टर्फ त्याहून कितीतरी जास्त तापतो, भर दुपारी ६० च्याही पुढे जातो. बूट घालूनही तळपाय भाजतात. मार्चअखेर दुपारी तीनला पोरांचे सामने ठेवले होते, हाफ टाइमला दोन मुलं चक्कर येऊन बसली. पालकांनी आवाज उठवला तेव्हा वेळ बदलली. आता एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा किंवा संध्याकाळी सात, मधे काही नाही. हा नियम बोर्डावर लिहून लावायला हवा, कारण आयोजक बदलतात आणि नवीन आयोजकाला तो माहीत नसतो. लहान मुलांच्या बाबतीत यात कुणीही तडजोड करू नये.

टर्फमधल्या काळ्या रबराच्या दाण्यांबद्दल फार कुणी बोलत नाही. जुन्या टायरचा तो चुरा आहे. तो मोज्यांत येतो, घरात येतो, ते झाडता येतं. पण मोठ्या पावसात तो पाण्याबरोबर नालीत जातो, नालीतून ओढ्यात आणि ओढ्यातून गोदावरीत. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये नियम केलाय की २०३१ पासून असे दाणे मैदानासाठी विकायचेच नाहीत, कारण हे सूक्ष्म प्लास्टिक एकदा बाहेर गेलं की परत गोळा करता येत नाही. आमच्याकडे निदान नालीच्या तोंडाशी बारीक जाळी आणि गाळ बसायला एक खड्डा एवढं तरी करता येईल. दोन वेळा अर्ज दिलाय. पुन्हा पाऊस तोंडावर आलाय, म्हणून इथेही लिहितो.

फ्लडलाइट ठीक आहेत. मैदानाच्या मध्यभागी उजेड चांगला, पलीकडच्या विंगला खेळाडूचा नंबर वाचता येत नाही. लाइट गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंत सामना थांबतो.

स्वच्छतागृहाचं सांगितलंच पाहिजे. बांधली दोन, त्यातलं महिलांचं पहिले काही महिने कुलपात. किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार चहाला. माझी बहीण आणि वहिनी हाफ टाइमला घरी निघून यायच्या, दुसरा हाफ कधी बघायच्याच नाहीत. शेवटी मुलींच्या संघाच्या आयांनी जाऊन सांगितलं आणि सामन्याच्या दिवशी कुलूप काढून ठेवायचं ठरलं. त्यानंतर गॅलरीतली बायकांची संख्या डोळ्यांना दिसेल एवढी वाढली. जानेवारीत मुलींचा सामना झाला तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत बसायला जागा नव्हती. एका कुलपाने किती फरक पडतो बघा. पाण्याची व्यवस्था एकाच नळावर आहे, बाटली घरून आणा.

खायचं भारी आहे. फाटकाशी एक मावशी सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, घेऊन बसतात, वरून शेव आणि कच्चा कांदा. थंडीत शेजारच्या शेतातून हुरडा यायचा, त्या दिवसांत लोक सामन्याच्या तासभर आधी येऊन बसायचे. फाटकाच्या आत खाणं नेऊ द्यावं की नाही यावर अजून वाद चालू आहे. माझं मत, नेऊ द्यावं आणि डबे ठेवावेत. कागद आपण उचलू.

परभणी आणि जालन्याचे पाहुणे संघ आले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या पोरांना मी मुद्दाम विचारलं, कसं वाटलं. बहुतेकांनी आधी टर्फचं नाव घेतलं. परभणीच्या एका पोराचं उत्तर वेगळं होतं: "आमचा गोल झाला तेव्हा तुमची लोकंपण टाळ्या वाजवूलालती." त्याला त्याचं आश्चर्य वाटलं होतं. जुन्या मैदानावर गोल झाला की आधी लाइनमनभोवती गराडा पडायचा. आता रेलिंग आहे, प्रत्येकाला स्वतःची जागा आहे, आणि चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. मग भांडण कशाचं करणार?

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी एवढं सांगतो. संध्याकाळी सातचा सामना नऊच्या आसपास संपतो, तोवर परतीची शेवटची एसटी गेलेली असते, म्हणून चार-पाच जण मिळून गाडी करून या. स्थानिक सामन्याला तिकीट नाही, स्पर्धेला २० रुपये. पूर्वेच्या मोठ्या गॅलरीत फक्त अंधार पडल्यावर बसा. उजेडात आलात तर पश्चिमेला, आणि तिथे जागा नसेल तर उत्तरेच्या गोलमागे चौथ्या पायरीच्या वर. खालच्या तीन पायऱ्यांवरून जाहिरातीचे फलक आडवे येतात आणि गोलरेषा दिसत नाही. हलगीवाली पोरं तिथेच असतात, पाहुणे आहोत म्हणून सांगा, सरकून जागा देतात.